कणकेतले मणी

"दाब शिवराज, अजून जोरात दाब."

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या भुवनेश्वरी मॅडमनी कपड्यांचा चिमटा पुढं धरला होता. शिवराजनं दोन्ही हातांनी जोर लावला. चिमटा काही उघडला नाही. पोक काढून तो खुर्चीतच कलला, आणि त्याच्या आईनं, सोनालीनं, त्याला सावरून बसवलं. येत्या जूनला पोरगं पहिलीत जायचं होतं. त्याला ना धड पेन्सिल धरता येत होती, ना चड्डीचं बटण लावता येत होतं.

"तीन महिने रोज व्यायाम करूनही काडीचा फरक नाही," मॅडम म्हणाल्या. "मग हा नुसता अशक्तपणा नसेल. नसांची तपासणी करायला पुण्याला जावं लागेल. सुया टोचतात, पण इलाज नाही."

सोनालीनं तर एक दिवसही खंड पडू दिला नव्हता. सकाळी घट्ट कणकेच्या गोळ्यात मणी दडवून ती कामावर जायची. शिवराजनं ते बोटांनी उकरून काढायचे, भिंतीला हात लावून रेटायचं, पोटावर झोपून छाती उचलायची. लक्ष ठेवायला सासू, मथुराबाई, होत्या. संध्याकाळी ती जुळे सोलापूरला घरी परतली, की सगळे मणी वाटीत धुऊन ठेवलेले असायचे.

"सुया नगं," मागून मथुराबाई म्हणाल्या. "मणी त्यानं काढलंच न्हाईत. म्या काढायची."

सोनाली गर्रकन वळली. "आत्या!"

"बोट दुखलं की त्याचं डोळं भरायचं गं. उभं ऱ्हाता येत न्हाय त्या कोकराला आमी उचलूनच आईला लावतोय की. तसंच केलं म्या."

मथुराबाईंनी उभा जन्म मेंढरांमागं काढला होता. मॅडमनी तपासणी महिनाभर पुढं ढकलली. "पण आता त्यालाच करू द्या," एवढंच त्या म्हणाल्या.

तीन महिने पाण्यात गेले होते. रिक्षात सोनाली नुसती धुमसत होती.

घरी तिनं ताटं आदळली. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. रोज आजीच भाकरी कुस्करून नातवाला भरवायची. आज ती पदराखाली हात घेऊन बसून राहिली. शिवराजनं सवयीनं आ केला.

"बाळा, माजी बोटं धरल्यात रे. तूच भाकरी मोडून दे की मला. लई भूक लागलीया."

रोज कणीक उकरल्यावर दुसरं काय होणार, सोनाली मनातल्या मनात चडफडली.

शिवराजनं भाकरी धरली. ती निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. त्याचे डोळे भरले. सोनाली नकळत पुढं सरकली, पण सासूनं मानेनंच तिला थांबवलं. पोरानं पाठ ताठ केली, दातओठ खाल्ले आणि अंगातला सगळा जोर बोटांत आणला. कडाड! तुकडा तुटला. त्यानं तो दह्यात बुडवून आजीच्या तोंडात घातला आणि न सांगता पुढचा तुकडा मोडायला घेतला.

सोनालीचा राग कुठल्या कुठं पळाला. ती सासूजवळ टेकली. "लई दुखतंय का आत्या? तेल लावून चोळू का बोटं?"

मथुराबाईंनी हात बाहेर काढले नाहीत. नातवाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्या पुटपुटल्या, "दुखत न्हाईत गं. पर आज मोकळी सोडली, तर ऐकायची न्हाईत."