आतला गोल

खडकीच्या केंद्रात यास्मिनताई बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मोठ्या माणसांना ‘आपलं कोण, बाहेरचं कोण’ हे शिकवत होत्या. तक्त्यावर दोन गोल काढायचे, मधोमध स्वतःचा फोटो लावायचा. आतल्या गोलात आपल्या माणसांचे फोटो, बाहेरच्या गोलात कामापुरत्या माणसांचे. चाळिशीतल्या सुखदेवनं आत यास्मिनताईंचाच फोटो चिकटवला. नियम संस्थेचा होता आणि संस्था पुण्याची, त्यामुळे ताईंनी तो सोलून बाहेर लावला.

“मला पगार मिळतो, सुखदेव. पगारी माणूस आत लावायचा नाही.”

“बरं. तुमचा गोल दाखवा.”

ताईंनी फळ्यावर दोन गोल काढले. बाहेरचा गोल भराभर भरला: गॅसवाला, वॉचमन, बँकेतल्या मॅडम, संस्थेचे अध्यक्षही त्यात आरामात मावले. आतल्या गोलापाशी खडू थांबला. वर्गात कोणालाच घाई नव्हती. शेवटी ताई म्हणाल्या, “राहू दे, जेवायची वेळ झाली.”

सुखदेव उठला, आपल्या तक्त्यावरचा स्वतःचा फोटो काढला आणि फळ्यावर ताईंच्या आतल्या गोलात नीट दाबून बसवला.

“मला कुठं पगार मिळतो, ताई? मी आत चालेन की.”