जवळची मैदानं

"त्या पोराची मॅच काढू नकोस," साधनाताई म्हणाली होती. "तो बॅटिंगला येत नाही गं, जेवायला येतो."

मालिनी तेव्हा लॅपटॉपवर लीगचं नवं टाइमटेबल लावत होती. ही जर्मनीतल्या विद्यापीठांची क्रिकेट लीग आहे ताई, खाणावळ नाही, असं म्हणून तिने सिद्धेशचं कायझर्सलाउटर्न दक्षिण गटात टाकलं. तिथली बरीचशी टीम शिकून निघून गेली होती, म्हणून उरलेल्यांना डार्मश्टाटच्या टीमला जोडलं. उत्तरेच्यांनी उत्तरेत खेळायचं, दक्षिणेच्यांनी दक्षिणेत. एका गटाच्या सगळ्या मॅच एकाच शनिवारी, एकाच मैदानावर. पोरांचं गाडीभाडं निम्म्यावर आलं. वहिनींना मॅन ऑफ द सीरिज द्या, असं कुणीतरी म्हणालं होतं.

आज ब्राउनश्वाइगच्या मैदानाकडेला ती पुलावाचे डबे उघडत होती आणि तिचा मोबाइल वाजला. पुण्याहून शुभाकाकू. सिद्धेशची आई.

काकूंना अगदी संकोच वाटत होता. सिद्धेशचा फोन सकाळपासून बंद आहे, मैदानावर असेल म्हणा, पण तू तिथेच आहेस तर जरा हाक मारतेस का त्याला? दर शनिवारी सांगतो तो. ब्राउनश्वाइगचे सगळे आलेत, शार्दूल कीपिंग करतोय, वहिनींनी पुलाव आणलाय. तुझ्यामुळे पोराच्या पोटात चार घास नीट जातात बघ.

पुलाव वाढायचा डाव मालिनीच्या हातातच राहिला. ब्राउनश्वाइगची टीम हिवाळ्यापासून सिद्धेशच्या गावाकडे फिरकली नव्हती. दक्षिणेच्या सगळ्या टीम आज फ्रायबुर्गला होत्या. कायझर्सलाउटर्नला मॅचच नव्हती. टाइमटेबल तिनेच लावलं होतं.

"आज शेवटची मॅच, असं म्हणाला काल," काकू सांगत होत्या. "बॅट कुणाला तरी देऊन टाकली म्हणे. बॅट दिल्यावर मॅच कशी गं खेळणार?"

फील्डिंगला असेल काकू, फोन करायला सांगते, असं मालिनी म्हणाली.

सिद्धेशचा फोन बंदच होता. चादरीवर बसलेल्या स्पृहाला हा खेळ वाटला. "आई, नॉखमाल, अजून एकदा," म्हणत ती परत परत बटण दाबत राहिली. परत परत तोच बाईचा थंड आवाज. होस्टेलची देखभाल बघणाऱ्या हाउसमाइस्टरकडे शनिवारची टेप वाजली, सोमवारी फोन करा. पोलिसांनी पत्ता उतरून घेतला, गाडी मोकळी झाली की पाठवतो म्हणाले. मग तिने फ्रायबुर्गला, डार्मश्टाटचा कॅप्टन श्रीरंग याला फोन लावला. मागे टाळ्या, शिट्ट्या, कुणाची तरी विकेट पडली होती.

"सिद्धेश? अहो वहिनी, तो तर तुमच्याकडून खेळतो ना?" श्रीरंग म्हणाला. "तसंच सांगितलं त्याने. आम्ही त्याचं नाव काढून टाकलं."

तिने त्याला लगेच कायझर्सलाउटर्नला निघायला सांगितलं. मागच्या शिट्ट्या एकदम लांब गेल्या. तो चालायला लागला असावा.

मग तीही चालत निघाली, सरळ पिचवर. ओव्हर चालू होती. स्लिपमधून कुणीतरी ओरडलं, "हं, वहिनी आल्या बॅटिंगला." सगळे हसले. क्रीझवर उभा असलेला शार्दूलही हसला. बायको जवळ आली तसं त्याचं हसू उतरत गेलं.

"सिद्धेशने बॅट देऊन टाकली," ती म्हणाली.

ती बॅट शार्दूलची होती. सिद्धेश पीएचडीसाठी ब्राउनश्वाइग सोडून गेला, तेव्हा शार्दूलने स्वतःची बॅट त्याच्या बॅगेत कोंबली होती, आणि परत आलास तर हिच्यासकट ये, असा दम भरला होता. पॅड न सोडताच शार्दूल रस्त्याकडे पळाला.

मालिनी पिशवी उचलायला मागे वळली तेव्हा डब्यांपाशी उभ्या साधनाताईने स्पृहाला आधीच कडेवर घेतलं होतं. मागचं बोलणं तिने काढलं नाही. पुलावाच्या एका डब्याचं झाकण तिने दाबून बसवलं आणि डबा मालिनीच्या हातात दिला.

स्टेशनवर त्यांनी सगळ्यात वेगाच्या गाडीची तिकिटं काढली. पाच जणांत एक तिकीट करून पॅसेंजरने रखडत जाणाऱ्या शार्दूलने आज भाडं विचारलंसुद्धा नाही. डब्यात दोघं समोरासमोर बसली. त्याच्या पायांत अजून पॅड होते, तिच्या मांडीवर डबा. ती फोन लावत होती, आणि तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

गाडी आत्ता कुठे ग्योटिंगनच्या पुढे गेली आहे. पोचायला संध्याकाळ होईल. श्रीरंगही तेव्हाच पोचेल. सिद्धेशला ओळखणारी तिकडची सगळी माणसं आज फ्रायबुर्गच्या मैदानावर आहेत, तिनेच गोळा केलेली.

तुम्ही कायझर्सलाउटर्नला असाल, जवळपास कुठे असाल, तर तेवढं जाऊन बघा. विद्यापीठामागचं होस्टेल, तिसरा मजला, जिन्याला लागून असलेलं दार. बेल वाजवा आणि वाजवत राहा. त्याने उघडलं तर हसेल, मी मजेत आहे म्हणेल, आत्ताच जेवलो म्हणेल. ऐकू नका. आत जाऊन बसा. डबा निघाला आहे म्हणावं.