एकही लाल रेघ नाही

दमास्कसच्या सेन्सॉर कचेरीतून गय्यास दब्बाग यांची प्रत्येक कादंबरी आजवर लाल रेघांनी सोलूनच परत मिळायची. आज मात्र साहेबाने पचापच त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "उस्ताद, एक शब्द कापावा लागला नाही. आता कसं शहाण्यासारखं लिहिलंत!"

गालावरची थुंकी बाहीला पुसत ते घरी आले.

"काय काय कापलं मेल्यांनी?" दारातच बायकोने, लमीसने विचारलं.

"काहीच नाही."

लमीस तशीच आत वळली. येताना तिने कॉफी आणली. पहिल्याच घोटाला त्यांचं तोंड वाकडं झालं.

"अगं, कडूजहर आहे ही! साखर?"

"मयत झालेल्या घरी कॉफीत साखर घालतात का कधी?"