खूण

"तुमच्या कपाळावर ही खूण कसली हो, बाई?" दिगंबरने कळवळून विचारलं, आणि त्याच्या बायकोने, हेमलताने, हातातला चहा खाली ठेवला.

मेंदूज्वरातून तो वाचला, पण लग्नाची बावीस वर्षं पुसली गेली. नवीन काही पाच मिनिटंही डोक्यात टिकत नव्हतं. हाताची कला मात्र शाबूत होती. हार्मोनियमचे सूर तो अजूनही अचूक लावायचा.

"तुम्हीच पितळी तांब्या फेकून मारला होता. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून," तिने सांगून टाकलं.

तो ढसाढसा रडला. तिचे पाय धरून त्याने माफी मागितली. हीच माफी ऐकायला तिने बावीस वर्षं वाट पाहिली होती. पण डोळे पुसून होईतो तो सारं विसरलाही.

दुसऱ्या दिवशी तिने आपणहून सांगितलं. तो पुन्हा रडला. मग रोजच. कधी तांब्या, कधी पट्टा, कधी थंडीत दाराबाहेर काढलेली रात्र. तो रडला की तिला तेवढ्यापुरतं बरं वाटे.

महिन्याभराने ती जेवणाचं ताट घेऊन खोलीत शिरली, तसा तो भिंतीला चिकटला.

"मी तुम्हाला ओळखत नाही, बाई," तो म्हणाला, "पण तुम्ही आलात की छातीत धडधडतं. तुम्ही माझं काय केलंय?"

संध्याकाळी दारात त्याच्या चपला वाजल्या की तिचीही छाती बावीस वर्षं अशीच धडधडत आली होती. ताट उंबऱ्याशी ठेवून ती हळूच मागे सरली.