गुडघ्यांवर

घरून निघताना सुनेनं काठी पुढे केली, तेव्हा पास्कल भडकला. “केळीचे लोंगर घेऊन वाडीभर फिरलेत हे पाय. काठी नको, तुझा तो खुर्चीवरच्या उठाबशांचा व्यायामही नको.” चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत सगळ्यांबरोबर त्यानं गुडघे टेकले. सगळे उठले, तो उठेना. बाकाला धरून जोर लावला, पाय लटपटले. कुणी बघायच्या आत त्यानं हात जोडून डोळे मिटले. मिस्सा संपली. “काय भक्ती म्हाताऱ्याची!” कुणीतरी कुजबुजलं. पास्कलचे कान तापले. चर्च रिकामं झाल्यावर त्यानं डोळे उघडले. पुढच्या बाकापाशी म्हातारी क्लेमेंटीन नेहमीसारखी गुडघ्यांवरच होती. “सगळे गेले का रे?” तिनं हळूच विचारलं. “आता बाकाला लटकून उठते कशीबशी.” पास्कलनं मान खाली घातली. तिची प्रार्थना मोडू नये म्हणून दर रविवारी तो खोकला दाबून तिच्या शेजारून निघून जायचा.