ठमाबाई स्थळं बघते

"पोरगा राहू दे बाजूला. आधी सांगा, तुमचा माल कुठल्या बंदरातून जातो?"

ठमाबाईनं असं विचारलं आणि दौलतरावांच्या हातातली बशी हातातच राहिली. बेलवलीतला नवा बंगला, समोर कांदेपोहे, शेजारी कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा सुजित. आणि मुलीची आजी पगार विचारायचा सोडून बंदर विचारते!

"न्हावाशेवा," दौलतराव म्हणाले. "आपले ट्रेलर आहेत ना. अंबरनाथच्या कारखान्यांचा माल उचलायचा, बंदरावर टाकायचा."

"टाकायचा म्हणजे? फाटकावर गाडी उभी किती वेळ राहते?"

"कधी कधी रात्रभर."

"मग त्या खोळंब्याचा भुर्दंड कोणाच्या बोडक्यावर? तुमच्या का कारखानदाराच्या?"

धर्मेशला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. आईची जीभ सगळ्या चामटोली गावाला माहीत होती, पण पाहुण्यांच्या घरात? त्याची मुलगी भाविका आजीला खेटून बसली होती. मान खाली, ओढणीआड मोबाइलशी बोटांचा चाळा. डोळ्यांतलं पाणी लपवत असेल, त्याला वाटलं. 'मान वर करायची नाही, मुलीच्या जातीनं गप बसायचं,' असं आजीनं गाडीतच बजावलं होतं.

भाविका विद्यापीठात जहाज-वाहतुकीचं अर्थशास्त्र शिकत होती. गावात हे सांगताना धर्मेशची जीभ अडखळायची, पण छाती फुगायची. शेवटचं वर्ष. एक प्रकल्प तेवढा उरला होता : आपल्या भागातला माल जहाजापर्यंत पोचतो कसा आणि अडतो कुठे. सरांनी बजावलं होतं, पुस्तकातून उतरवलेलं चालणार नाही. मालवाल्यांशी स्वतः बोलून ये, नाहीतर वर्ष गेलं समज.

पोरगी उन्हातान्हात अंबरनाथ-उल्हासनगर पालथं घालून आली. कुठे वॉचमननं फाटकावरूनच परत पाठवलं. कुठे "सेठ बाहर गये हैं बेटा" असं खुद्द सेठनंच सांगितलं. एकाला ती जीएसटीवाल्यांची वाटली. त्यानं शटरच ओढलं.

त्या संध्याकाळी ती ओट्यावर बसून रडली. ठमाबाई मशेरी लावत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, चूळ भरली आणि म्हणाली, "पुरे झालं. उद्यापासून मी हिच्यासाठी स्थळं बघते."

हा आवाज धर्मेशच्या ओळखीचा होता. वडील गेले तेव्हा याच आवाजात ती म्हणाली होती, "पुरे झालं कॉलेज." तो कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटला, तो आजतागायत तिथेच होता. तेव्हा त्यानं तोंडातून ब्र काढला नव्हता.

"अगं, पण मुलीला घेऊन मुलाच्या दारात कोणी जातं का?" त्यानं विचारून पाहिलं.

"मी जाते. नांदायचंय तिला, मला नाही. आणि मला बंगले नको दाखवूस. धंदा दाखव. बंगला कर्ज काढूनही बांधता येतो."

बेलवलीचं स्थळ तिनं परतीच्या वाटेवरच मोडलं. "पोरगा पोहे खाताना मचमच करतो."

अंबरनाथला भीमरावांचा यंत्रांचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता. ठमाबाई चहाला थांबलीच नाही, थेट आत शिरली. लाकडी खोके बांधतं कोण? जहाज चुकलं तर माल पडून कुठे राहतो? दलाल फसवतो का? एरवी परक्याला फाटकाच्या आत न घेणारे भीमराव घडाघडा बोलत सुटले. न सांगून करतात काय! मुलीकडच्यांपुढे झाकपाक केली की लोक म्हणतात, घरात काहीतरी खोट आहे.

"यांच्या दारातली तुळस सुकलीय," बाहेर पडताच ठमाबाई म्हणाली. तेही मोडलं.

मग उल्हासनगर. सुयोगचा जीन्स शिवायचा कारखाना होता, घर वरच्या मजल्यावर. हा मुलगा धर्मेशला बघताक्षणी आवडला. आढेवेढे नाहीत, फुशारकी नाही.

"आजी, आमचा माल दुबईला जातो," तो म्हणाला. "पण कंटेनर भरेल एवढा नसतो. मग दुसऱ्याच्या मालाबरोबर पाठवायचा. त्यानं उशीर केला की आम्हीही अडकलो."

"म्हणजे तुझी वरात दुसऱ्याच्या घोड्यावर!"

सगळे हसले. भाविकाही हसली आणि पहिल्यांदाच मान वर करून म्हणाली, "मध्ये कुठे जहाज बदलावं लागतं का?" आजीनं तिच्या मांडीला असा चिमटा काढला की ती पुन्हा ओढणीआड गेली.

परतताना धर्मेशनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"आई, मुलगा चांगला आहे. पण लग्न आता नाही." "प्रकल्प द्यायची वेळ आली, आणि तू हिला दारोदार मिरवतेस. माझं शिक्षण सोडवलंस तेव्हा मी गप्प बसलो. हिचं सोडवू देणार नाही. तू कितीही आदळआपट कर."

ठमाबाई खिडकीबाहेर बघू लागली. मग हळूच म्हणाली, "एवढं बोलता येतं होय रे तुला? तेव्हाच बोलला असतास तर…"

वाक्य तिनं तिथेच सोडलं. पदरानं तोंड पुसलं आणि मागच्या सीटकडे वळली.

"काय गो भाविके, तुझ्या सरांना बास झाले का एवढे मालवाले, का अजून एखादा नवरदेव बघायला लागंल?"