अनुभवाची माणसं

बाळंतिणीने बाळाला पुन्हा छातीशी धरलं, तसं त्याने पुन्हा तोंड फिरवलं आणि रडून रडून लालेलाल झालं.

"अगं, अशी वाकतेस काय त्याच्यावर? ताठ बस," काकू म्हणाल्या. "उशी घे मांडीवर. नको, काढ ती उशी. मानेला हात लाव. अगं, दाबू नकोस!"

या तिच्या नवऱ्याच्या काकू. चार लेकरांच्या आई, नातवंडांची तर गणतीच नाही. बाळंतपणाच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा. सकाळी दवाखान्यात येऊन खुर्चीत बसल्या त्या बसल्याच होत्या, आणि बोलायच्या थांबल्या नव्हत्या. त्यातून फोन वाजत होता. आईने सांगितलं, नीट खा म्हणजे दूध येईल. मैत्रिणीने सांगितलं, टेन्शन घेऊ नकोस. टेन्शन कसं घ्यायचं नाही, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

मघाशी नर्सने बाळाचं वजन केलं होतं. "जरा जास्तच उतरलंय. संध्याकाळपर्यंत ओढायला लागलं नाही, तर वाटी-चमच्याने वरचं दूध देऊ. घाबरण्यासारखं काही नाही." बाळंतिणीच्या कानात पहिलंच वाक्य अडकून बसलं होतं.

सासूबाई खिडकीपाशी बाळाच्या कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्याच त्या घड्या मोडून पुन्हा घालत होत्या.

"आई, तुम्ही तरी सांगा ना काहीतरी."

सासूबाईंनी मान वर करायच्या आत काकू हसल्या. "तिला काय विचारतेस? तिला कुठे याचा अनुभव! तिच्या हातात पोर आलं ते आयतंच."

नवऱ्याला संस्थेतून दत्तक आणलंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही. पण भाजीत मीठ कमी पडलं तर गुपचूप जेवावं, तसं ते कुणी बोलून दाखवत नसे. सासूबाईंचे हात थांबले. मग त्यांनी झबल्याची बाही सरळ केली आणि घडी पुरी केली.

"काकू, तुम्ही खाली जाऊन चहा घेऊन या," बाळंतीण म्हणाली. आपला आवाज इतका स्थिर कसा निघाला, तिचं तिलाच कळलं नाही.

"हाकलतेस होय गं मला?"

"हो."

काकू पर्स उचलून तरातरा गेल्या. आजकालच्या मुलींना काही सांगायची सोयच राहिली नाही, हे जिन्यापर्यंत ऐकू आलं.

"आई, मी खरंच विचारतेय."

सासूबाई पलंगाच्या कडेला येऊन टेकल्या. "मला कुणी कधी विचारलंच नाही गं. आणि सांगितलंही नाही. तुला सांगून काय उपयोग, म्हणायचे." मग हळूहळू सांगू लागल्या. "आणला तेव्हा हा बाटलीसुद्धा घेईना. माझ्या हातात आला की लाकडासारखा ताठ व्हायचा. लोक म्हणाले, पोराला परकं माणूस कळतं. ऐकून ऐकून मी इतकी टेकीला आले, की एका दुपारी सरळ दार लावून घेतलं. त्याचे कपडे काढले, माझेही काढले, आणि त्याला छातीवर घेऊन पडून राहिले. पाजायचं नव्हतंच. म्हटलं, दूध नको पिऊस बाबा, पण मी कोण आहे ते तरी बघ."

"मग?"

"बघितलं त्याने. झोपला. उठल्यावर आपणहून तोंड उघडलं."

सासूबाईंनी दारात जाऊन नर्सला विचारलं, असं केलेलं चालेल का. "चालेल काय, करायलाच हवं," नर्स म्हणाली. "फक्त नाक मोकळं राहू द्या आणि झोपू नका." तिनेच येऊन दोन खाटांमधला पडदा ओढला.

बाळाचं दुपटं सुटलं. छातीवर पालथं टाकल्यावर ते एकदा कळवळून रडलं, मग हुंदके देत गप्प झालं. सासूबाईंनी दोघांवर चादर घातली. "आता पाजायचं विसरून जा. पड नुसती."

बाळंतीण मागे रेलली. बाळ झाल्यापासून आवळून धरलेले खांदे पहिल्यांदा सैल पडले. पोटाला पोट लागलं होतं. बाळाचा श्वास तिच्या श्वासाबरोबर वरखाली होत होता. बराच वेळ काहीच घडलं नाही, आणि तिला त्याची घाई वाटली नाही.

मग ते इवलंसं डोकं हललं. तिच्या हनुवटीवर आपटलं. घसरलं. पुन्हा उचललं गेलं. मदतीला सासूबाईंचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला.

"येऊ दे त्याला. येतंय ते."

बाळाने भलामोठा आ केला.

"आई गं!"

"दुखतंय का?"

"दुखलं... आता नाही." बाळाची कानशिलं हलत होती. मध्येच घटकन गिळल्याचा आवाज आला. ती हसायला लागली, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते तिने पुसलंही नाही.

पडदा सरकला. काकू चहा पिऊन आल्या होत्या. त्यांनी क्षणभर पाहिलं. "बघ! मी म्हटलं नव्हतं, मानेला हात लाव म्हणून?"

तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून एका मुलीचा रडवेला आवाज आला. "मावशी, जरा इकडे येता का? माझंही घेत नाहीये हो."

"आले हं बाळा," म्हणत काकू वळल्या.

"तुम्ही नाही," ती मुलगी पडद्याआडून म्हणाली. "मघाशी हळू आवाजात बोलत होत्या ना, त्या मावशी."

सासूबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती. मग त्या उठल्या, बेसिनपाशी गेल्या, आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊ लागल्या.